न फिरलेलं नाणं

फुलपाड्यातल्या आमच्या बँकेत जमा झालेल्या नाण्यांची पिशवी आपणहून मागणारं गिऱ्हाईक एकच होतं. साठीच्या एक बाई. दोन रुपयांच्या नाण्यांची पिशवी घेऊन त्या बाकावर बसत, मांडीवर रुमाल पसरत आणि एकेक नाण्याचं साल व त्याखालचा बारीक हिरा पाहत. हिरा ही मुंबईच्या टाकसाळीची खूण.

"मावशी, लॉटरी लागली का?" वॉचमन दर वेळी विचारायचा.

"लागली की तुला वडापाव," त्या मान वर न करता म्हणायच्या.

एकदा मी शेजारी बसलो होतो. माझ्याकडे हिऱ्याचं एक जुनं नाणं होतं, घरच्या गल्ल्यात पडून चकचकीत राहिलेलं. ते पुढे केलं. त्यांनी साल पाहिलं आणि परत दिलं.

"साल बरोबर आहे. पण हे कुठं फिरलंच नाही."

त्यांचे यजमान टाकसाळीत मशीनवर होते. पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत, बोलणं जवळजवळ थांबलंय.

"त्यांच्या वेळचं झिजलेलं नाणं हातात दिलं की अंगठा फिरवतात. 'अजून चालतं?' म्हणून विचारतात. दिवसभरात तेवढंच बोलतात. तेच नाणं पुन्हा दिलं तर तेही नाही."

त्या दिवशी पिशवीत तसं नाणं निघालं नाही. दुसरी पिशवी शिल्लक नव्हती. बाईंनी माझं नाणं मागून घेतलं, बाहेर गेल्या आणि बँकेच्या पायरीवर ते घासू लागल्या.

"त्यांना कळेल," मी म्हणालो.

"कळणारच. रागावतील," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोलतीलच की."