पेटीतली धूळ

नव्या रबरी हातमोज्यांचा वास आला, की मला काळाचौकीच्या चाळीतली ती दुपार दिसते. नवऱ्याने गॅलरीत सँडब्लास्टिंगची जुनी पेटी आणली होती. तिला बसवलेल्या नव्या रबरी मोज्यांत हात घालायचे, काचेतून बघायचं आणि हवेच्या जोरावर रेती मारून गंज उडवायचा. आत सासूबाईंच्या शिलाई मशीनचं चाक होतं. मध्येच झोत अडखळला. पेटीच्या दाराच्या फटीतून बारीक धूळ निघून उन्हात तरंगू लागली, इतकी सुंदर की मी बघतच राहिले. नवरा दार उघडायला गेला, तेवढ्यात खाटेवरून सासरे उठले. गिरणीत छाती गेलेली, चार पावलांवर धाप लागायची. तरी त्यांनी येऊन बटण बंद केलं. "आधी हवा बंद कर, धूळ बसांदे, मगे दार उघड. मी कापूस खाल्लंय, तू रेती खाव नको." नवऱ्याने धूळ बसू दिली, मग दार उघडलं. रेती दमट होऊन नळीत अडकली होती, दाराची रबरी पट्टीही फाटलेली. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी बदलली, रेतीऐवजी काचेचे बारीक मणी भरले, चांगला मास्क आणला. चाक फिकट चंदेरी निघालं. सासरे आता नाहीत. नवरा तीन जिने न थांबता चढून येतो, आणि मी दारात उभी राहून त्याचा श्वास ऐकते.