डाव्या कानातला हरभरा

माझ्या डाव्या कानात आठ दिवस एक हरभरा मुक्कामाला होता, आणि त्या आठ दिवसांत त्याची जेवढी वाढ झाली तेवढी माझ्या आडत दुकानाची वीस वर्षांत झाली नव्हती.

हरभरा तिथं गेला कसा हे सांगायचं तर आधी माझी कीर्ती सांगावी लागेल. (दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावी लागते.) माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं आडत दुकान. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्या मधोमध लोडाला टेकून बसणारा माणूस. माल वाळलेला की ओला, हे ओळखायची मोंढ्याची रीत साधी आहे. दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. माझ्या दाढा मात्र तंबाखूच्या कृपेनं चाळिशीच्या आतच निघून गेलेल्या. आता आडत्याला दाढा नाहीत हे मोंढ्याला कळणं म्हणजे पैलवानाला मांड्या नाहीत हे आखाड्याला कळणं! म्हणून मी माझं स्वतंत्र शास्त्र काढलं. दाणा चिमटीत धरायचा, कानाच्या तोंडाशी न्यायचा, नखानं टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि गंभीर आवाजात म्हणायचं, "बोलायलाय. वाळलाय." किंवा, "गप हाय. दोन उन्हं दाखवा त्याला."

खरी गोष्ट अशी की मी डोळे पूर्ण मिटत नसे. बारीक फटीतून शेतकऱ्याच्या पायाकडं बघत असे. पायाला कालव्याकडचा काळा चिखल असला की माल ओला, नुसती धूळ असली की वाळलेला. कधी चुकलो नाही. आणि गंमत बघा, पाय त्यांचे, अक्कल डोळ्याची, अन् लोक नमस्कार करायचे माझ्या कानाला!

त्याच सुमारास देश खुला झाला. म्हणजे नेमकं काय झालं ते मोंढ्यात कुणालाच कळलं नव्हतं. पण चौकातल्या टपरीवर परदेशी थंड पेयाची लाल पेटी आली, माळवदांवर टीव्हीच्या थाळ्या उगवल्या, आणि एके दिवशी दुकानासमोर जीप थांबून तिच्यातून टाय बांधलेला एक साहेब उतरला. मार्चच्या उन्हात माजलगावात टाय! आमच्याकडं गळ्याला एवढं आवळून फक्त गोऱ्हे बांधतात, आणि तेही नांगराला नवे असतील तर.

साहेबाची कंपनी पुड्यातलं बेसन विकणार होती. (बेसन पुड्यात! आमच्या बायका हसून हसून जात्यावर पडल्या.) त्यासाठी प्रत्येक मोंढ्यात एकच आडत्या नेमून त्याच्या दुकानावर कंपनीचा फलक लावायचा होता. माजलगावात उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा नागनाथ, माझ्या समोरच्या दुकानाचा मालक. नागनाथच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते आणि ते तो विनाकारण दाखवत फिरे. फलक त्याच्याकडं गेला तर माझं सगळं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जाणार, आणि रस्ता होता अवघा पंधरा पावलांचा.

साहेबानं आमची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र होतं. त्यात दाणे टाकले की काटा हले.

मी म्हणालो, "साहेब, तुमच्या डब्याला सेल लागत्यात. आपल्या कानाला काहीच लागत न्हाई."

पहिली चार पोती मी सांगितली तशीच्या तशी यंत्रानं सांगितली. (दोन चिखल, दोन धूळ.) साहेब थक्क! पाचव्या पोत्याचा दाणा मी डाव्या कानाशी नेला, डोळे मिटले, टिचकीसाठी नख उचललं, आणि साहेबाला भरून आलं. "वा, आप्पा, वा!" म्हणून त्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की दाणा सुटला तो थेट आत!

नख हवेतच राहिलं.

साहेब म्हणाला, "काय म्हणतो दाणा?"

मी म्हणालो, "इचार करायलाय."

मग शांतपणे दुसरा दाणा घेऊन उजव्या कानाशी नेला, पाय बघितले आणि निकाल दिला. बरोबर! साहेबानं माझा हात हातात घेतला. "पुढच्या बुधवारी आमचे मोठे साहेब पुण्याहून येतात. त्यांच्यासमोर एकदा असंच करून दाखवा. मग फलक तुमचा." एवढं बोलून तो सटासट सात शिंका देऊन जीपमध्ये बसला. मोंढ्याची धूळ त्याला पहिल्याच दिवशी चावली होती.

घरी आल्यावर बायकोला, म्हणजे महादेवीला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मग दवाखान्यात चला की."

"दवाखान्यात गेलो तर सांजच्याला मोंढाभर बोभाटा हुईल! कानानं माल ओळखणाऱ्याच्या कानातच माल! नागनाथ साखर वाटील साखर."

"मग काय तिथंच पेरायलाव का त्याला?"

"बुधवारपत्तोर दम धर. आपलं आपन काढू."

'आपलं आपण' म्हणजे मेव्हणा, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. महादेवीचा धाकटा भाऊ शिवलिंग आमच्याच घरी असे. त्यानं जनावरांच्या डॉक्टरकडं सव्वादोन महिने बाटल्या धुतल्या होत्या आणि त्या भांडवलावर तो तालुकाभर नाड्या बघत फिरे. त्यानं बॅटरी मारून माझ्या कानात बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं आरपार पलीकडचं खुंटीवरचं धोतर दिसत असणार.

"दाजी, केस सोपी हाय," तो म्हणाला. "पान्याचा फवारा मारू. धुऊन निघंल."

महादेवी चुलीपासून ओरडली, "अरं, हरभऱ्याला पानी? भिजत घालायलास का उसळीला?"

"आक्का, हे वैद्यकीय हाय," शिवलिंग म्हणाला, आणि मीही (काय म्हणावं मला!) तिला म्हणालो, "तुला काय कळायचं ह्यातलं? तू आपली भाकरी बघ."

शिवलिंगची पिचकारी म्हशीच्या मापाची होती. पहिल्या फवाऱ्याला मला परळीच्या वैजनाथाचं दर्शन झालं, दुसऱ्याला साक्षात कपिलधारच्या धबधब्याखाली उभा असल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्याला हरभरा हलला. बाहेर नाही, आत! संध्याकाळपर्यंत तो असा टम्म फुगून बसला की डावा कान जगातून वजा झाला.

दुसऱ्या दिवशी शिवलिंगनं गोडंतेल ओतलं. "वंगन झालं की सरकतंय." सरकलं नाही. माझी उशी मात्र महिनाभर तळायला काढता आली असती. तिसऱ्या दिवशी तपकीर. नाकातून जोर लावला की कानातून गोळी सुटल्यासारखा सुटेल, असा त्याचा सिद्धांत. मी एकोणचाळीस शिंका दिल्या. माळवदाची माती पडली, शेजारची शेळी दावं तोडून गेली, हरभरा जागेवर! दुकानात मात्र मी रोज उजव्या कानानं व्यवहार करत होतो, आणि डावीकडून कुणी बोललं की 'बघू, बघू' म्हणत मान हलवत होतो. त्या भरात मी एक म्हातारा बैल विकत घेतला, हे मला बैल दारात आल्यावर कळलं.

पाचव्या दिवशी शिवलिंग बँकेच्या साहेबाच्या बायकोकडून व्हॅक्युम क्लीनर घेऊन आला. गावात तो पहिलाच. देश खुला झाल्याचा हा माझ्या घरातला पहिला पुरावा!

"ढकलायचं चुकलं, दाजी," तो म्हणाला. "वढायला पायजेल व्हतं."

त्यानं नळी माझ्या कानाला लावून बटण दाबलं. फुस्स करून माझा अख्खा कान नळीत गेला! मागोमाग गाल निघाला. मी ओरडतोय, शिवलिंग बटण शोधतोय, महादेवी माझे पाय धरून उलट्या बाजूनं ओढतेय, आणि नेमका ह्याच मुहूर्तावर दारातून नागनाथ आत आला!

शिवलिंगनं बटण बंद केलं, पण नळी कानाला तशीच चिकटून. नागनाथनं बत्तीस दात दाखवले. "काय वो आप्पा, हे काय करायलाव?"

एका क्षणात माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. मी नळी तशीच कानाशी धरून म्हणालो, "हाव साहेब, हाव, बुधवारी नक्की!" मग नागनाथला म्हणालो, "पुन्याला बोलायलो. कंपनीनं फोन दिलाय. नव्या पद्धतीचा."

नागनाथचे दात एकेक करून आत गेले. "येवढी जाड नळी?"

"अवो, लांबचा आवाज यायचा म्हनल्यावर बारीक नळीतून मावंल का?"

तो आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी म्हणे तो टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन जाड नळीचा अर्ज मागत होता.

पण माझी मजा तेवढीच. सहाव्या दिवशी कान ठणकायला लागला, सातव्या दिवशी जबडा आखडायला लागला, आठव्या दिवशी ताप भरला. तो सोमवार होता. महादेवीनं भाकरीचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "फलक गेला खड्ड्यात. म्या इधवा होऊन फलक का कपाळाला लावू? उठा!" आणि मला, शिवलिंगला आणि शिवलिंगच्या पिचकारीला (ती डॉक्टरला दाखवायची म्हणून) जीपगाडीत कोंबून तिनं अंबाजोगाईला नेलं.

दवाखान्याच्या खिडकीत नाव विचारलं. मी इकडं तिकडं बघून नागनाथचं नाव सांगितलं. बोभाटा झालाच तर त्याचा होऊ दे! तापातसुद्धा डोकं बघा कसं चालत होतं. इतकं चालत होतं की पुढं तासभर आतून "नागनाथ! नागनाथ!" म्हणून हाका येत राहिल्या आणि मी शेजारच्याला म्हणत राहिलो, "कोन येडं हाय हे, उठत कावून न्हाई?"

शेवटी महादेवीनं ढोसलं. "अवं, तुमीच की ते!"

मी उठलो, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "नागनाथ? आप्पा, तुम्ही?"

टायवाला साहेब! आठ दिवस केज, परळी, अंबाजोगाईचे मोंढे फिरून त्याचं नाक पिकल्या टमाट्यासारखं झालं होतं, आणि ते दाखवायला तो त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर, रुमालात तोंड खुपसून बसला होता.

मी काहीतरी बोलणार होतो. ऐन वेळी जबडा उघडला नाही. महादेवीचा उघडला. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हरभरा, पिचकारी, तपकीर, जाड नळी. एवढ्यावर थांबली असती तर ती माझी बायको कसली! दाढा सांगितल्या. पाय सांगितले. चिखल आणि धूळ वेगवेगळी सांगितली. बाकावरचे पेशंट आपापले रोग विसरून हसले. साहेब हसत नव्हता. त्याला नाकानं श्वास घेता येत नव्हता, हे मला मागाहून कळलं.

आत एक डॉक्टरीण होती. वय तिशीच्या आत, आवाज मात्र रिटायर हेडमास्तरचा. भोवती शिकाऊ डॉक्टरांचं रिंगण. तिनं दुर्बिणीतून माझ्या कानात बघितलं आणि विचारलं, "पाणी कुणी घातलं?"

शिवलिंग छताकडं बघायला लागला.

"तुम्ही? काय करता आपण?"

"मी वैद्यकीय लाईनला होतो."

"कुठं?"

"ढोरांच्या."

डॉक्टरीण रिंगणाकडं वळली. "लिहून घ्या. कानात मणी गेला, खडा गेला, तर पडदा शाबूत आहे हे बघून पाण्यानं धुता येतं. धान्य, डाळ, बी असेल तर पाण्याचा थेंब घालायचा नाही. ते फुगतं आणि कातडीत रुततं." त्या सगळ्या हुशार पोरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. आमच्या घरात तेच वाक्य आठ दिवसांपूर्वी चुलीपुढून फुकट मिळालं होतं.

मग तिनं कान बधिर केला, बारीक आकडा घातला, आणि मी सगळ्या देवांना एकेक नवस बोलत असताना तो बाहेर काढला. स्टीलच्या ताटलीत टण्ण नाही, पच्च वाजला. चांगला मोठा, गलेलठ्ठ, आणि त्याला पांढराशुभ्र मोड! पोरं वाकून वाकून बघत होती. पडदा वाचला होता. "आणखी दोन दिवस थांबला असता तर पडदाही गेला असता," डॉक्टरीण म्हणाली. "ह्यांना इथं आणलं कुणी?"

मी बोट दाखवलं. महादेवी दारात उभी होती, आणि तिच्या मागं साहेब.

साहेबानं ताटलीत बघितलं. "ओला आहे," तो नाकातून म्हणाला. मग महादेवीला विचारलं, "वहिनी, पाणी घालू नका असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता?"

"त्याला काय डोकं लागतंय?" महादेवी म्हणाली. "हरभरा हाय तो."

बुधवारी मोठे साहेब आले. फलक आमच्याच दुकानाला लागला, हे खरं. नागनाथचं तोंड बघण्यासारखं झालं, हेही खरं. फक्त फलकावर नाव सौभाग्यवती महादेवी यांचं होतं. साहेबानं यंत्र तिच्या हातात दिलं, आणि तिनं यंत्र न लावताच, दाणा दाढेखाली धरून, पहिलं पोतं परत करायला काढलं. म्हणाली, "घरी घेऊन जावा, वाळवून आना." यंत्र लावून बघितलं तर तिचंच बरोबर!

मग कंपनीचा छापील फॉर्म आला. दुकानात मदतीला कोण, हा एक रकाना. तिथं तिनं माझं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता 'विशेष कौशल्य'. तिथं ती पुष्कळ वेळ पेन धरून बसली, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत दोनदा बघितलं, आणि शेवटी लिहिलं, 'पोती उचलतात.'

खोटं कशाला सांगू, तेसुद्धा तिनं नवऱ्याची लाज राखायला वाढवूनच लिहिलं होतं.