बाबूरावांची एकशेपस्तीस

बाबूराव फोटो काढायला कुठेही पोचले की आधी मागे चालू लागत. डोंगर दिसला की आपण पुढे धावतो. ते डोंगराकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी लांब जात. ईट गावाजवळच्या माळावर एकदा असेच बाभळीत शिरले आणि पाठीतले काटे उपटत मला म्हणाले, "सर, अजून धा पावलं पायजे होती."

कळंबच्या बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. मी तिथल्या कॉलेजात शिकवत होतो आणि रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून माळरानं हिंडत होतो. निसर्गासाठीही ते एकच लेन्स वापरत, नवरीचा चेहरा टिपायला घेतलेली एकशेपस्तीस मिलिमीटरची. ही लेन्स थोडंच बघते, पण जे बघते ते जवळ ओढून आणते; आपण लांब गेलो की मागचं पुढच्याला येऊन टेकतं. उलट वाइड लेन्स सगळा मुलूख एका चौकटीत कोंबते, जवळचं फुगवते आणि लांबचं बारीक करते. तिच्याविषयीचं मत त्यांनी कधी लपवलं नाही. "नवरीच्या नाकापाशी वाइड नेली तर सासरची माणसं मांडवातून उठून जातील. डोंगर बिचारा उठत न्हाय, म्हणून त्याचं कायबी करायचं व्हय?"

बटण दाबण्याआधी काय काढतोय ते तोंडाने सांगायचं, हा त्यांचा नियम. मी एकदा उत्साहाने सांगू लागलो, "पवनचक्क्या, ज्वारी, तळं, पाऊलवाट, ढग..."

"हा सातबारा झाला, सर. फोटो सांगा."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. माझे शेकडो फोटो जगाला बघावे लागले नाहीत, याचं श्रेय त्यांचं आहे.

ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणच्या छायाचित्रकार मंडळाला नव्हती. मंडळात बारा-बारा खिशांची जाकिटं घातलेली माणसं होती; खिशांत काय ठेवायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. अध्यक्षांकडे बाजारात आलेली सर्वांत नवी वाइड लेन्स असे आणि 'विराट' हा शब्द त्यांना कोणत्याही वाक्यात बसवता येई. "बाबूराव, ती तोंडं काढायची लेन्स हो," ते खांद्यावर हात ठेवून म्हणत. "निसर्गाला विराट दृष्टी लागते."

"असंल साहेब. आमाला जरा कमीच दिसतं."

बाबूरावांची थोरली बहीण, अक्का, सास्तूरला राहायची. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात शेवटच्या ओळीच्या टोकाला तिचं घर. जुन्या घराचं काही उरलं नव्हतं. दारातला कडुलिंब तेवढा उभा होता. नव्या अंगणातून तो चार शेतांपलीकडे दिसे, आणि त्याच्याकडे तोंड केल्याशिवाय अक्का सकाळचा चहा घेत नसे. आता मुलगा तिला पुण्याला, अकराव्या मजल्यावर नेणार होता. तिने भावाला निरोप धाडला : "सामान काय न्हाय. लिंब तेवढा न्यायचाय. फोटू काढून दे."

निघण्याच्या आदल्या दुपारी आम्ही पोचलो, तर अध्यक्षांची गाडी दारात. त्यांना भूकंपावर प्रदर्शन भरवायचं होतं आणि अक्काची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यांनी अक्काला अंगणात बसवलं, तिच्या पायांशी लोळण घेतली आणि धडाधड फोटो काढले. मग मोठ्या मनाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. आभाळ पेटल्यासारखं, ढग धावत सुटलेले, खाली अक्काचे पाय घागरीएवढे.

"लिंब कुठाय?" अक्काने विचारलं.

अध्यक्षांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. क्षितिजावर काडेपेटीतली काडी उभी होती. "अक्का, भव्यता बघा."

"आभाळ लई आलंय, बाबा. म्या काय इमानात ऱ्हाते व्हय?"

अध्यक्ष जेवायला निघून गेले. बाबूरावांनी कॅमेरा बाहेरसुद्धा काढला नाही. "आता धूळ उठलीय. लांबचं झाड चुन्यात बुडवल्यावाणी येईल. सकाळी बघू."

सकाळी धुकं पडलं. लिंब नाही, शेतं नाहीत, काहीच नाही. अक्का नवं लुगडं नेसून अंगणाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. मुलाने गाडी सुरू करून ठेवली होती आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न देत होता. "मामा, किती येळ? पुण्यात कुंडीत लावू की लिंब."

 बाबूराव अक्काकडे तोंड ठेवून, लिंबाच्या विरुद्ध दिशेला, उलट्या पावलांनी तुरीच्या कापलेल्या रानात शिरले, शंभरेक पावलं गेले आणि थांबले. तिपाई धरून मी शेजारी. जुना हिशेब चुकता करावा म्हणून विचारलं, "बाबूराव, काय काढताय? तोंडाने सांगा."

"अक्का अन् लिंब. तिसरं कायबी न्हाय."

तिसऱ्या हॉर्नला अक्का उठून उभी राहिली. बाबूराव कधी ओरडत नसत. त्या दिवशी सगळ्या रानात ऐकू गेलं. "अक्के, बस!" ती बसली. धुकं फाटलं. त्यांनी एकदा बटण दाबलं आणि झाकण लावलं.

फोटोत लिंब अक्काच्या खांद्यामागेच उभा होता, अंगणातलाच असल्यासारखा. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "एवढा जवळ होता व्हय रं, बाबू?"

"जवळ न्हाय. म्या लांब गेलतो."

गेल्या वर्षी बाबूराव गेले. जिवंतपणी ज्या मंडळाने त्यांना कधी विराट म्हटलं नव्हतं, त्यानेच शोकसभा घेतली. व्यासपीठामागे भिंतभर फलक, त्यावर अध्यक्षांनी स्वतः टिपलेला सूर्यास्त. अध्यक्ष बराच वेळ बोलले. प्रकाश आला, अवकाश आला, अनंत दोनदा आलं. पुण्याहून आलेली अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिने कोपराने ढोसलं. "मास्तर, ह्यात आमचा बाबू कुठाय?"

मी फलकावरच्या सूर्यास्तात खालच्या कोपऱ्यातला काळा ठिपका दाखवला. तिने चष्मा वर सारला, पुन्हा नाकावर ठेवला, आणि पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आभाळ लई आलंय."