तो सिगारेटचा चटका नव्हता

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, सकाळची वेळ. स्थळ: अमेरिका, नेपरव्हिलजवळच्या एका मोठ्या रुग्णालयाचा आयसीयू. हजर: माझी मुलगी सानिका, अर्धवट शुद्धीत, तिचे बाबा संजय, मी, संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञ डॉ. हॅन्सन, आणि माझ्या फोनवर, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून, डॉ. उज्ज्वलाताई. गैरहजर: गुरुवारपासून "आम्ही बघतोय" असं सांगणारे बाकी सगळे.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभांची इतिवृत्तं मी लिहिते. कोण होतं आणि कोण नव्हतं हे आधी लिहायची सवय तिथली.

डॉ. हॅन्सन साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हातमोजे चढवले, सानिकाच्या कमरेवरची चादर सरकवली, वाकून पाहिलं. एक श्वास घेऊन सोडावा, इतकाच वेळ.

"एस्कार," त्या म्हणाल्या. "हा स्क्रब टायफस आहे. औषध आत्ता सुरू करतोय, तपासणीचा रिपोर्ट यायची वाट बघणार नाही."

मग चार्टवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हिने हे गुरुवारीच सांगितलेलं दिसतंय."

हो. गुरुवारीच सांगितलं होतं.

स्क्रब टायफस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोग होईल. गवतात, झुडपांत चिगर नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा असतो. तो चावल्यावर रक्तात जंतू शिरतात. आठदहा दिवस काहीच कळत नाही, मग ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी. चावलेल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते, भोवती लालसर कड. दुखत नाही, खाजत नाही. त्या खपलीला एस्कार म्हणतात. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन नावाच्या साध्या औषधाने बरा होतो. कॉलेजातली मुलं मुरुमांसाठी घेतात, तीच गोळी. वेळेवर ओळखला नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदू यांवर जातो, माणूस दगावतो.

सानिकाचा जन्म इथलाच. ॲन आर्बरला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी मुलांना काही आठवडे बाहेर कुठेतरी काम करता येतं. तिने विदर्भातलं एक धर्मादाय रुग्णालय निवडलं. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, ओपीडीत तापाच्या रोग्यांची रांग.

आमच्या मंडळातले देशमुख काका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. नागपूरला शिकून तरुणपणीच अमेरिकेत आले. त्यांनी ऐकलं तेव्हा ते भर जेवणाच्या पंगतीत म्हणाले, "अगं, आम्ही तिथून शिकून इकडे आलो, आणि तू इकडे शिकून तिकडे चाललीस? उलटी गंगा!"

सानिका म्हणाली, "काका, तुम्ही तिथे जे शिकलात ना, ते इथे कुणी शिकवतच नाही."

"म्हणजे काय गं?"

"हाताने तपासायचं."

काकू हसल्या, "घ्या! आता बोला!" मलाही तिचं जाणं पसंत नव्हतं, पण ती निघाली.

भारतातून ॲन आर्बरला परत आली तेव्हा ठणठणीत होती. फोनवर तिथल्या डॉक्टर उज्ज्वलाताईंबद्दल अखंड बोलत होती. ताई प्रत्येक तापाच्या रोग्याला पडद्याआड नेऊन डोक्यापासून पायापर्यंत कशा बघतात, बाईमाणूस लाजलं तर कशी समजूत घालतात, काखेत, छातीखाली, कमरेच्या नाडीखाली कशा शोधतात. गावोगावच्या शिबिरांत हीही गवत तुडवत त्यांच्यामागे हिंडली होती.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली आणि बुधवारी तापाने फणफणली. सोफ्यावर पडून म्हणाली, "आई, इट्स प्रॉबब्ली स्क्रब टायफस. आय नीड डॉक्सी. दॅट्स ऑल." आधी अर्जंट केअर म्हणतात त्या तातडीच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी व्हायरल म्हणून परत पाठवलं. गुरुवारी ताप चढला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा इमर्जन्सी गाठली.

तिथला तरुण डॉक्टर गोड बोलायचा. सानिकाने त्याला आजाराचं नाव सांगितलं, किडा सांगितला, औषध सांगितलं, डोस सांगितला. तो हसला. म्हणाला, मेडिकलच्या विद्यार्थ्यांना दुर्मिळ आजार स्वतःला झालेत असं नेहमीच वाटतं. मग त्यांच्यातली एक म्हण ऐकवली: टापांचा आवाज आला की घोडा समजावा, झेब्रा समजू नये.

अहो, ती झेब्र्यांच्याच गावाहून आली होती! तुमच्या कागदावर लिहिलंय, भारत, खेडेगाव, गवत. पण 'भारत' हा शब्द दिसला की पुढचं वाचायचंच नाही असं ठरलेलं असावं. जो येईल तो विचारी, तिथलं पाणी प्यायलीस का? दारावर तांबडा कागद लावला, तोंडाला मास्क बांधले. मलेरिया बघितला, डेंगी बघितला, फ्लू, कोविड, सगळं बघितलं. काहीच निघालं नाही. शिरेतून एक प्रतिजैविक सुरू केलं, ते या जंतूवर चालत नाही. रक्ताच्या बाटल्याच्या बाटल्या भरून नेल्या, मशिनं फिरवली. पण एकानेही तिचा गाऊन बाजूला करून अंग पाहिलं नाही. स्टेथोस्कोपसुद्धा कापडावरूनच.

शुक्रवारी संध्याकाळी तिला खोकला सुरू झाला, बोलताना शब्द अडकायला लागले. मी उज्ज्वलाताईंना फोन लावला. तिकडे पहाट होती. बाईंनी पहिल्या रिंगला उचलला.

"अहो, डॉक्सी नाही का सुरू केली अजून?" त्यांचा पहिला प्रश्न. "डॉक्टरला द्या ना जी फोन. मी बोलते."

मी फोन घेऊन त्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही हात वर केले, जणू मी गरम तवाच पुढे केला. म्हणाले, आमच्या संस्थेच्या मान्यतेत नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीचा वैद्यकीय सल्ला आम्हाला घेता येत नाही. बाहेरची व्यक्ती! हा आजार त्या ओपीडीत रोज बघतात. तुम्ही जन्मात एकदाही बघितलेला नाही. मग यात बाहेरचं कोण?

ताईंनी हे सगळं फोनवर ऐकलं. म्हणाल्या, "असू द्या. तुम्हीच बघा. जिथे कपडा घट्ट बसतो तिथे बघा."

मी दार लावलं, सानिकाला कुशीवर वळवलं आणि बघितलं. कमरेवर, इलॅस्टिक बसतं त्या ओळीत, मसुराएवढी काळी खपली होती. मी फोटो काढून पाठवला. ताईंचं उत्तर एका शब्दाचं, 'एस्कार', आणि पुढे उद्गारचिन्हंच उद्गारचिन्हं.

आता हे डॉक्टरांना दाखवलं की प्रश्न मिटला, असं मला वाटलं. शनिवारी सकाळी मी नर्सला दाखवलं. ती थबकली आणि बाहेर गेली. मला वाटलं, डॉक्टरांना बोलवायला गेली.

आली ती सोशल वर्कर. गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊसूत. मला आणि संजयला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर थांबता का?

तो डाग सिगारेटच्या चटक्यासारखा दिसतो. दिसतो, हे मला आता माहीत आहे. अनेक ठिकाणी डॉक्टरांचीही तशी फसगत होते. पण त्या क्षणी दाराबाहेरून मला जे ऐकू आलं ते ऐका. तापाने होरपळणाऱ्या माझ्या मुलीला त्या बाईने विचारलं, घरात तुला सुरक्षित वाटतं का? तुला कुणी इजा केली का? आणि सानिकाने ओठ चाटत सांगितलं, "मॅम, इट्स ॲन एस्कार. प्लीज गूगल इट."

चार्टवर नोंद झाली: कमरेवर भाजल्याची जुनी खूण, कारण अस्पष्ट. रोगी गोंधळलेली.

संजय कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तो म्हणाला, "यार, हे लोक आपल्याला जल्लाद समजतायत आणि पोरगी मरतेय." मी तिथल्या प्रत्येकाला विचारलं, संसर्गाचे तज्ज्ञ कुठे आहेत? उत्तर: शनिवार-रविवार फोनवर असतात, गरज पडली तर. गरज कधी पडते? ते आम्ही ठरवू.

रविवारी गरज पडली. तिचा प्राणवायू खाली गेला, लघवी कमी झाली, मला न ओळखता ती मला "ताई" म्हणायला लागली. तिला आयसीयूत हलवलं. सोमवारी सकाळी डॉ. हॅन्सन आल्या.

खपली बघून झाल्यावर त्यांनी स्वतःहून माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "त्या डॉक्टर लाइनवर आहेत का? द्या मला." आणि दोघी बोलायला लागल्या. एक विदर्भातल्या ओपीडीतून, एक इलिनॉयच्या आयसीयूतून, जशा काही एकाच वसतिगृहात राहिलेल्या. शिरेतून देता येतं का? येतं. सोबत दुसरं कोणतं? किती तासांत उतरतो तुमच्याकडे? ताई म्हणाल्या, दोन दिवसांत नाही उतरला तर माझं नाव बदला. डॉ. हॅन्सन मोठ्याने हसल्या. आम्ही त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मंगळवारी रात्रीपर्यंत ताप तसाच. बुधवारी दुपारी सानिकाच्या कपाळावर घाम आला. आईला घामाचं इतकं कौतुक कधी वाटलं नसेल. गुरुवारी तिने नळ्या नाकात असतानाच विचारलं, "आई, डिड यू टेल ताई?" रक्ताचा नमुना दुसऱ्या राज्यातल्या सरकारी प्रयोगशाळेत गेला होता. त्याचा रिपोर्ट ती घरी येऊन वरणभात खायला लागल्यावर आला. स्क्रब टायफसच.

डॉ. हॅन्सन एकदा खुर्ची ओढून बसल्या तेव्हा मी विचारलं, तुम्हाला इतक्या लगेच कसं कळलं? त्या म्हणाल्या, तिशीत असताना थायलंडच्या सीमेवर, निर्वासितांच्या छावणीत दोन वर्षं काम केलं होतं. "कॉलेजात या आजारावर पुस्तकात एक परिच्छेद होता. तो मी पाठ करून परीक्षा दिली. छावणीत यंत्रं नव्हती, म्हणून रोग्याकडे बघायला शिकले. परत आल्यावर माझ्या वरिष्ठांनी विचारलं, दोन वर्षं वाया का घालवलीस? त्या दोन वर्षांना इथे कशातच धरलं नाही."

हे ऐकून माझं डोकं जास्तच तापलं. माझ्या मुलीचा जीव ज्या शिक्षणाने वाचवला, ते शिक्षण यांच्या हिशेबात शून्य. आणि देशमुख काकांसारखे डॉक्टर, जे असल्या रांगांत उभं राहून शिकले, त्यांना कुणी कधी विचारलंय का, तुम्ही तिथे काय पाहिलंत? काका भेटायला आले तेव्हा खपलीचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. म्हणाले, "इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी रोग्याचं पोट हाताने तपासत होतो. वरचा म्हणाला, स्कॅन करा, वेळ घालवू नका. मी हात काढून घेतला तो घेतलाच." काकूंनी त्यांचा डबा उघडला, शिरा आमच्यापुढे ठेवला आणि विषय बदलला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर, मी केलं त्यातलं हे करा. मूल कुठे गेलं, कुठे झोपलं, कुठे गवतात फिरलं हे प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगा. आधीच्याला सांगितलंय यावर विसंबू नका. अंगावरचं कातडं स्वतः बघा, लाज बाजूला ठेवा. संसर्गाचा तज्ज्ञ पहिल्याच दिवशी मागा, आणि नाही म्हणाले तर कुणी नाही म्हटलं त्याचं नाव विचारा. नाव विचारलं की माणसं सरळ होतात. मूल जिथे गेलं होतं तिथल्या डॉक्टरांचा फोन हाताशी ठेवा.

रुग्णालयाशी माझं भांडण झालं, ते अर्धं मिटलं. चटक्याची नोंद पुसता येत नाही म्हणे. तिच्याखाली खरं काय ते जोडलं आहे. सोशल वर्कर बाई स्वतः येऊन माफी मागून गेल्या, वरिष्ठांपैकी मात्र कुणी आलं नाही. डॉ. हॅन्सन यांचे आभार मानायला मी पुरणपोळ्या नेल्या. त्यांनी तिथेच उभ्याने एक खाल्ली. उज्ज्वलाताईंचे फोनवर आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, "पोरीला मच्छरदाणीबरोबर लांब मोजे पण देऊन पाठवा पुढच्या वेळी." पुढच्या वेळी!

आणि मग कॉलेजचा निरोप आला. त्या रुग्णालयात विद्यार्थी पाठवणं त्यांनी थांबवलं आहे. कारण: तिथे विद्यार्थिनीच्या जिवाला धोका झाला. जानेवारीत तिच्याच कॉलेजातला एक मुलगा जाणार होता, त्याचं रद्द झालं. सानिकाने तो निरोप वाचला आणि फोन उशीवर पालथा ठेवला. "दे गॉट इट बॅकवर्ड्स, आई," एवढंच म्हणाली. ती आजारपणात रडली नव्हती, तेव्हा रडली.

जिवाला धोका कुठे झाला? किडा तिथे चावला, मान्य. पण तिथे राहिली असती तर पहिल्या दिवशी गोळी मिळून तिसऱ्या दिवशी वॉर्डात हिंडली असती. धोका झाला तो इथे, जगातल्या सगळ्यात महागड्या पलंगावर, कारण त्या इमारतीत हा आजार पाहिलेली एकच व्यक्ती होती आणि ती शनिवार-रविवार फोनवर होती. अशी माणसं आणखी तयार व्हावीत म्हणून जो रस्ता आहे, तोच हे बंद करतायत.

कॉलेजच्या समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, व्हिडिओवर. पालकांचं म्हणणं ऐकायचं म्हणून त्यांनी मला बोलावलं आहे. मी फार संतापले आहे असं त्यांच्या कानावर गेलंय, त्यामुळे मी त्यांच्या निर्णयाच्या बाजूने बोलेन अशी त्यांची समजूत आहे. बोलायचे मुद्दे मी काढले आहेत. डॉ. हॅन्सन यांनी साक्ष द्यायचं कबूल केलंय. उज्ज्वलाताई ओपीडी थांबवून लाइनवर येणार आहेत. आवाज न चढवता पहिलं वाक्य पुरं करायचं, एवढं राहिलं आहे. स्वयंपाकघरात संजयला समोर बसवून रोज म्हणून बघते. अजून एकदाही जमलेलं नाही.