पोती हटवल्यावरचा उजेड

मित्रहो, आज सालेकशाजवळच्या एका गावात स्थळांना पाठवायला एका मुलीचा फोटो काढायला गेलो. लाइट नव्हती आणि एकुलत्या खिडकीसमोर धानाची पोती रचलेली. मुलीनं स्वतःच बापाला हाताशी घेऊन ती हटवली. मी तिला खिडकीपाशी बसवलं. उजेड परतून चेहऱ्यावर पडावा म्हणून सावलीच्या बाजूनं आईनं पांढरं धोतर धरलं.

सावळा चेहरा काय उजळला.

कॅमेऱ्यात पाहून आई म्हणाली, "भाऊ, कंप्युटरवर थोडी गोरी करून द्या."

मुलगी म्हणाली, "कायले? पाहायले येतीन तवा मी अशीच दिसीन."

आता तोच फोटो प्रिंट करून राहिलो, जसाच्या तसा. यापुढे माझ्या स्टुडिओत कोणाला गोरं करून मिळणार नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

तुमचा लग्नाचा फोटो तुमच्यासारखा दिसते का?