शंभर वर्षं टिकणारं मचान

चहाचा घोट गिळा आणि मगच ऐका. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. फजिती माझी आहे, आणि ती मी चांगली शिकून-सवरून ओढवून घेतली आहे.

आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात डिसेंबरात प्रदर्शन होतं: 'यंदाच्या उल्लेखनीय नव्या इमारती'. पोरांनी काय आणावं? काचेच्या शोरूमचे फोटो! मंगल कार्यालयाचा फोटो, दारात दोन सिमेंटचे हत्ती! अहो, मे महिन्यात आपल्याकडे भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि आपण काचेत बसणार? माझं डोकंच फिरलं.

मग मी लावला तुळशीरामभाऊंच्या मचानाचा फोटो. ऑक्टोबरात त्यांच्या शेतावरून जाताना काढलेला. उभं धान, मधोमध चार बांबूंवर उंच मचान, वर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं छप्पर. खिळा एकही नाही. सगळ्या गाठी वाकाच्या, म्हणजे पळसाच्या मुळ्यांपासून काढतात त्या दोराच्या. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'यंदाची एकमेव इमारत, जी शंभर वर्षं टिकेल.'

कोणाला विचारून लिहिलं? कोणालाच नाही! विचारायला थांबेन ती मी कसली?

नागपूरहून परीक्षक म्हणून आलेले आर्किटेक्ट सर त्या फोटोपुढून हलेनात. म्हणाले, "रविवारी अकराला गावात येतो. लिहिलंय तसं निघालं, तर पहिलं बक्षीस या तुळशीरामभाऊंना."

रविवारी मी आठलाच जीपने गावात हजर. शेतात जाऊन बघते तर धान नाही, मचान नाही. चार खड्डे!

तुळशीरामभाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून कडुलिंबाच्या काडीने दात घासत होते.

"भाऊ, मचान कुठी गेलं?"

"सोडलं."

"काऊन?"

"धान घरी आला, डुकरं जंगलात गेले. आता मचानावर बसून कोणाची राखन करू? तुही?"

"पन मी लिहिलं ना, शंभर वर्षं टिकते म्हणून!"

भाऊंनी तोंडातली काडी काढली. "मले विचारलं व्हतं?"

मचानाचे बांबू होते भाऊंच्या अंगणात. त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, त्याच बांबूंचा मांडव करून वर वालाचा वेल चढवला होता, शेंगांनी लगडलेला. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. बक्षीस जाणार तुमचं, आणि खोटी ठरणार मी. सुमनबाईंनी एकदा वेलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"रडू नोको, पोरी. शेंगा तोडून घेतो. वेल राहीन खाली पसरून."

"पन बाई, तुमचा वाल..."

"वालाचं मी पाहीन. तू टोपली धर!"

तीन शेजारी हातातलं काम टाकून आले. साडेदहाला मचान शेतात उभं! माझं आपलं मधे मधे, "लवकर करा, लवकर करा." शेवटी भाऊ वैतागले. "हे वरची पायरी तूच बांध. तेवढा वेळ तं तोंड बंद राहीन!"

बांधली.

अकराला सर आले. मचानाभोवती फिरले आणि एका बांबूपाशी थांबले. "याला वालाची फुलं कशी?"

"टेरेस गार्डन, सर!"

हो, असंच म्हणाले मी! पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून म्हटलं, "थांबा, चढून दाखवते." आणि सरसर चढले. वरच्या पायरीवर पाय ठेवला मात्र, गाठ सुटली! पुढच्या क्षणाला मी खाली उरलेल्या तणसाच्या ढिगात, पाय आभाळाकडे.

तिथूनच सगळं कबूल केलं. उठायची लाज वाटत होती.

सर भाऊंकडे वळले. "म्हणजे हे आज सकाळी बांधलं?"

"आज बी बांधलं, मांगच्या साली बी बांधलं. दरसाली बांधतो, दरसाली सोडतो. माहा बाप बी तसंच करे."

"आणि सोडलेले बांबू?"

"मांडवाले, शिडीले, मंग चुलीले. फेकून काऊन देऊ, साहेब?"

सरांनी बूट काढले, माझी पायरी टाळून वर चढले, आणि तासभर उतरलेच नाहीत. भाऊंना बक्षीस मिळालं. मी लिहिलं त्याच्या उलटं वागून मिळालं!

घरी निघताना सुमनबाईंनी वालाच्या शेंगांची पिशवी माझ्याच हातात दिली. ज्यांचा मांडव मी मोडला, त्यांनी! मी ती दोन्ही हातांनी घेतली. आजही त्यांच्या अंगणावरून जाताना पाय आपोआप हळू होतात.

प्रदर्शनात मी लावलेला फोटो उतरवून सरांनी त्या दिवशी स्वतः टिपलेला लावला. खाली माझी शंभर वर्षं नव्हती. तिथे लिहिलं होतं:

'बांधकाम: तुळशीरामभाऊ, सुमनबाई आणि शेजारी. एक गाठ सोडून. ती बांधणारी फोटोत खाली, तणसात दिसते आहे.'