प्यादं एकच घर जातंय

मी चौथीपर्यंत शिकलो, पण बुद्धिबळात कट्ट्यावर मला कुणी हरवलेलं नाही. हे मी रोज ऐकवायचो, म्हणून आमच्या शिंप्याचं डोकं फिरलं. लहानपणापासूनचा दोस्त तो. म्हणाला, "मर्दा, जिल्ह्याच्या स्पर्धेत एक डाव जिंकून दाखव, सगळ्यांसमोर तुला वस्ताद म्हणतो. हरलास तर तुझा पट माझ्या दुकानात. कट्ट्यावर परत मांडायचा न्हाय."

मी नाव घातलं.

समोर बसला कागलच्या एमआयडीसीतला इंजिनिअर. पहिल्याच चालीला त्यानं प्यादं दोन घरं सरकवलं. मी त्याचा हात धरला. "पावणं, प्यादं एकच घर जातंय."

पंच धावत आले. "आजोबा, पहिल्या चालीला दोन घरं चालतात."

"चालत असतील. आमच्या नेसरीत एकच. माझी एकच जाणार."

"एकही चालतं," पंच म्हणाले.

मग हट्टानं आठही प्यादी मी एकेक घर पुढं घेतली. उसाच्या सरीगत ओळ लागली. ह्यात काहीतरी खोल डाव आहे असं इंजिनिअरला वाटलं. थोड्या वेळानं मलाही वाटायला लागलं.

दोन तासांनी त्यानं भिऊन घोडा बाजूला घेतला, त्याचा मारा नेमका माझ्या वजिरावर. वजिराला पळायला घर नाही. सगळीकडं माझीच प्यादी. त्याला ते दिसलंच नव्हतं. घाम पुसत म्हणाला, "आजोबा, बरोबरी करू या?"

लगेच हो म्हटलं असतं तर त्यानं पटाकडं बघितलं असतं. मी पाणी प्यालो, चष्मा पुसला, मान हलवली, आणि उपकार केल्यागत हात पुढं केला.

त्यानं मोबाईल काढला. "आजोबा, ही ओपनिंग कुठली?"

"नेसरीची."

"इथं सापडत नाही."

"सापडायची न्हाय."

कट्ट्यावर शिंपी वाटच बघत होता. "जिंकलास?"

"न्हाय."

"मग हरलास की!"

"न्हाय."

"मग दिवसभर केलंस तरी काय?"

बरोबरी म्हटल्यावर त्यानं कापड मोजावं तसा विचार केला आणि म्हणाला, "अर्धा जिंकलास, अर्धा शब्द घे. आजपासून तू 'वस'. 'ताद' जिंकल्यावर."

आता रोज सकाळी दुकानातून हाक येते, "काय वस, चहा?" मी ओ देतो. पट कट्ट्यावरच आहे. पुढच्या स्पर्धेला नाव घाल म्हणून शिंपी मागं लागलाय. मी सांगितलंय, आम्हाला पुरा शब्द नको, ह्या वयात तुझ्या बोळक्या तोंडात बसायचा न्हाय.